कुतुबखान्यातला कुतुब कोणता?

'कुतुबखाना' असा शब्द वाचनात आला, त्याचा कुतुबमिनारशी काही संबंध आहे का, असा प्रश्न आलाय. अजिबात नाही. अरबीत क दोन आणि त पण दोन, आपल्या लिपीत ते एकाच क-त मध्ये येऊन बसतात म्हणून दोन्ही कुतुब सारखे दिसतात एवढंच. मिनारातला कुतुब (मूळ उच्चार कुत्ब) म्हणजे ध्रुव, आस, कुतुबशाहीतलाही तोच. खान्यातला कुतुब म्हणजे 'किताब'चं अनेकवचन. खाना फारसी, आपल्या दवाखाना-कारखान्यातला. म्हणजे पुस्तकांचं घर. आणि हो, हिंदकेसरीचा 'किताब' तिसराच, तो 'खिताब'वरून आलाय.

पण मला याहून आवडतो तो आधीचा शब्द. जुन्या अरबीत ग्रंथसंग्रहाला सर्रास 'खिजाना' म्हणायचे, खिजानत अल्-कुतुब, म्हणजे पुस्तकांचा खजिना, आपला खजिना त्याच धातूतला! बगदादला खलिफा हारून अल्-रशीद आणि मग खलिफा अल्-मामून (८१३ ते ८३३) यांच्या काळातलं ते प्रसिद्ध 'बैत अल्-हिक्मा', म्हणजे ज्ञानाचं घर, त्यालाही जुन्या लेखनात 'खिजानत अल्-हिक्मा' म्हटलेलं सापडतं. तेव्हा बगदादमध्ये कागद बनायला लागला होता, चामड्यापेक्षा स्वस्त, त्यामुळे पुस्तकं भराभर वाढली, वर्राकांचा म्हणजे कागद-पुस्तकवाल्यांचा अख्खा बाजार उभा राहिला.

आता खजिना म्हटलं की कुलूप आठवतं, पण हे सगळे काही कुलूपबंद नव्हते. कैरोत १००५ साली खलिफा अल्-हाकिमने 'दार अल्-इल्म', म्हणजे विद्येचं घर, काढलं, तिथे लोकांनी यावं, वाचावं, नक्कल करून न्यावी, शाई, लेखणी, कागद सगळं फुकट. आणि मर्व शहर, आताच्या तुर्कमेनिस्तानातलं, तिथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला याकूत अल्-हमवी हा भूगोलकार राहिला होता, तो लिहितो की इथे वक्फचे, म्हणजे धर्मादाय दिलेले, दहा खजिने आहेत (शब्द खजिनेच वापरलाय बरं का) आणि माझ्या घरी कायम दोनशेच्या वर पुस्तकं असतात, बहुतेक तारण न ठेवता आणलेली. मला हे वाचून दर वेळी भरून येतं, कारण पुढे १२२१ मध्ये मंगोलांनी ते शहर उद्ध्वस्त केलं.

आज अरबीत लायब्ररीला 'मक्तबा' म्हणतात, किताब-कुतुबच्याच क-त-ब धातूपासून, पुस्तकाच्या दुकानालाही तोच शब्द चालतो. कुतुबखाना मात्र उर्दूत टिकलाय आणि तुर्कीत तर तो रोजच्या बोलण्यातला आहे, थोडा उच्चार बदलून.

जाता जाता अजून एक. बगदादच्या इब्न अन्-नदीम नावाच्या वर्राकाने ९८७ साली अरबीतल्या पुस्तकांची भलीमोठी यादी केली, तिचं नाव 'अल्-फिहरिस्त'. हा शब्द मूळ फारसी, आणि आपल्याकडच्या जुन्या दफ्तरातली 'फेरिस्त' ती हीच.