देव्हाऱ्यात गणपती, दप्तरात स्क्रूज

प्रश्न: आम्ही लेस्टरला राहतो. लेक चर्चच्या शाळेत जाते. वर्गात डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' (स्क्रूज नावाचा कंजूष मालक ख्रिसमसच्या सुमारास भुतं भेटून सुधारतो, ती कथा) चालू आहे आणि गृहपाठ असा, की कथेकडे ख्रिस्ती दृष्टीने बघून समीक्षा लिहा, नाहीतर त्यावरून स्वतःचं काही ललित लिहा. सासूबाई म्हणतात, "आपण कशाला हे लिहायचं? दुसरा विषय मागून घ्या." लेक म्हणते, विश्वास नसताना लिहिणं म्हणजे खोटं बोलणं. काय करावं?

उत्तर: विषय बदलून मागू नका. लेकीची शंका जास्त मोलाची आहे, म्हणून आधी ती घेते. शाळेने श्रद्धा मागितलेली नाही. पुस्तक ज्या संस्कारातून आलं तो ओळखून वाचा, एवढंच मागितलंय. तुकोबांचा अभंग शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात माळ आहे का, हे आपण कुठे बघतो? 'मी मानते' ऐवजी 'ही कथा मानते' असं लिहिलं की खोटेपणाचा प्रश्नच उरत नाही.

आता खरी गंमत. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, सोळाव्या अध्यायात, श्रीमंत माणूस आणि लाजर यांचा दाखला आहे. श्रीमंताच्या दाराशी फोडांनी भरलेला भुकेला लाजर पडलेला असतो. दोघेही मरतात. यातनेत पडलेला श्रीमंत मूळपुरुष अब्राहामाला विनवतो, की लाजराला माझ्या पाच भावांकडे पाठव, ते तरी सावध होतील. अब्राहाम साफ नाही म्हणतो. जे मोशेचं आणि संदेष्ट्यांचं ऐकत नाहीत, ते मेलेला उठून आला तरी ऐकणार नाहीत. आणि 1843च्या डिसेंबरात डिकन्स काय करतो? स्क्रूजचा मेलेला भागीदार मार्ली, त्यालाच स्क्रूजच्या घरी धाडतो. कमरेला साखळी, साखळीत रोकडीच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं, खतावण्या. आणि स्क्रूज शेवटी सुधारतो! मग डिकन्स बायबलशी वाद घालतोय का? की एकट्या मार्लीच्याने काम झालं नाही, आणखी तीन आत्मे यावे लागले, म्हणजे अब्राहामाचंच खरं? एवढ्या एका प्रश्नावर तिची दोन पानं सहज भरतील, आणि त्यासाठी बाप्तिस्मा लागत नाही.

मार्ली सांगतो, ही साखळी मीच कडी कडी जोडून घडवली. इथे आपली मुलं हमखास 'हे तर कर्मफळ' असं लिहून मोकळी होतात. लिहू दे, पण तिथेच थांबू देऊ नका. स्क्रूजचीही तशीच साखळी तयार आहे, मग तो एका रात्रीत सुटतो कसा? लूकच्याच एकोणिसाव्या अध्यायातला जकातदार जक्कय शेजारी ठेवून बघायला सांगा. तो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करतो. 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' हे वाक्य मात्र खोडायला लावा. त्या वाक्यानंतर विचार करायला काही शिल्लकच राहत नाही.

ललित लिहायचं असेल तर मी स्क्रूजचा कारकून बॉब याच्या बायकोकडे, मिसेस क्रॅचिटकडे बोट दाखवीन. ख्रिसमसच्या जेवणात बॉब मालकाच्या नावाने पेला उचलतो तेव्हा ती भडकते, आणि निव्वळ नवऱ्याखातर आणि त्या सणाखातर पिते. आठवड्याला 15 शिलिंगांत घर ओढणारी ही बाई सुधारलेल्या स्क्रूजने पाठवलेल्या एका टर्कीवर सगळं विसरेल? क्षमा हा ख्रिस्ती विचाराचा गाभा, आणि या बाईच्या क्षमेची पुस्तकात कोणी चौकशीही केलेली नाही. स्क्रूज नव्या वर्षात तिच्या घरी येतो, अशा प्रसंगाने तिला सुरुवात करू द्या.

सासूबाईंना मुलीच्या परीक्षेचा धाक घालू नका, त्यांच्याशी साहित्यावर बोला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचा धर्मगुरू) 1579 साली गोव्यात आला आणि त्याने ख्रिस्तपुराण रचलं ते आपल्या ओवीत. 1616 साली ते छापलं गेलं. हेतू धर्मप्रसाराचा होता, तो लपवण्यात अर्थ नाही. तरीही मराठीची त्याने केलेली स्तुती आपण आजही कौतुकाने म्हणतोच. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तर त्यांनी बहुधा वाचलेलंच असेल. नवऱ्याने धर्म बदलल्यावर घरात काय उलथापालथ होते, ते त्यात आहे. सासूबाईंच्या मनातली खरी भीती त्याच जातीची आहे, तेव्हा ती हसण्यावारी नेऊ नका.

नियमाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये पालकांना मुलाला धर्मशिक्षणाच्या तासातून आणि सामूहिक प्रार्थनेतून वगळून घेता येतं. इंग्रजी साहित्याला ती सवलत नाही. लूकचे ते दोन्ही अध्याय मराठी बायबलमध्ये आहेत. लेकीला आधी मराठीत वाचून दाखवा, आणि सासूबाईंना ऐकायला बसवा. लाजराच्या गोष्टीवर त्यांचं मत लेकीपेक्षा ठाम निघालं तर तेही निबंधात घ्यायला हरकत नाही.