दोन कोटींचा एक आणि उरलेले सतरा

प्रो कबड्डी लीगमधल्या पुणेरी पलटणचे लिलावातले निर्णय आणि मॅटवरच्या सात जणांची निवड, या दोन विषयांवर या महिन्यात वाचकांची बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न (कोथरूड): दहाव्या हंगामात विजेतेपद मिळाल्यावर पलटणनं मोहम्मदरेझा शादलूईला सोडलं. हरियाणा स्टीलर्सनं त्याला घेतलं आणि पुढच्याच हंगामात आपल्या बालेवाडीत करंडक उचलला. ही घोडचूक नव्हे तर काय?

उत्तर: राग रास्त आहे, पण आधी हिशेब मांडू. प्रत्येक संघाकडे 5 कोटींची पर्स, म्हणजे खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा असते आणि संघात किमान 18, जास्तीत जास्त 25 खेळाडू लागतात. कायम ठेवलेल्या खेळाडूंचे पैसेही याच पर्समधून वळते होतात. दहाव्या हंगामाच्या लिलावात शादलूईवर 2 कोटी 35 लाख लागले. उरले 2 कोटी 65 लाख. किमान संख्येचा संघ धरला तरी उरलेल्या सतरा जणांच्या वाट्याला सरासरी साडेपंधरा लाख येतात. लिलावात ‘अ’ गटाची मूळ किंमत 30 लाख, ‘ब’ची 20, ‘क’ची 13 आणि ‘ड’ची 9 लाख. म्हणजे बाकीचा संघ सरासरीनं ‘ब’ गटाच्या मूळ किमतीच्याही खालीच उभा करायचा.

पलटणला ते जमलं, कारण असलम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते ही मंडळी नवोदित म्हणून पलटणमध्येच आलेली आणि तिथंच तयार झालेली होती. बाजारभावानं हेच खेळाडू घ्यायचे म्हटलं असतं तर तो संघ 5 कोटींत बसलाच नसता. विजेतेपद मिळालं की अशा मुलांचा भाव वाढतो. ते आणि शादलूई दोन्ही ठेवायचे म्हटलं तर पर्स पुरत नाही. ज्यांच्याभोवती संघ बांधला त्यांना ठेवलं, एकट्या महागड्याला सोडलं, हा निर्णय आमच्या मते बरोबरच होता.

चूक झाली ती पुढे. शादलूई डावा कोपरा सांभाळायचा, त्या हंगामात पकडींचे सर्वाधिक 99 गुण त्याचे होते आणि गरज पडली की तो चढाईलाही जायचा. एका माणसाबरोबर दोन कामं गेली आणि त्याच्या तोडीचा कोपरा अकराव्या हंगामात उभा राहिला नाही. त्यातच असलमचा गुडघा दुखावला. पलटण बाद फेरीतही पोहोचली नाही. महागडा खेळाडू सोडायचा तर त्याच्या जागी वर्षभर आधीपासून माणूस तयार हवा. सोडल्यावर शोधायला निघालं तर लिलावात त्या जागेचा भाव सगळ्यांनाच कळलेला असतो.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. हरियाणानं त्याला 2 कोटी 7 लाखांना घेतलं, 29 डिसेंबर 2024 रोजी पाटणा पायरेट्सला 32-23 असं हरवून विजेतेपद मिळवलं आणि बाराव्या हंगामाआधी शादलूई पुन्हा लिलावात आला. गुजरात जायंट्सनं त्याच्यासाठी 2 कोटी 23 लाख मोजले. लागोपाठ दोन विजेत्या संघांनी एकाच खेळाडूला लिलावापर्यंत जाऊ दिलं, ते दोन्हीकडची गणितं सारखीच असल्यामुळे.

प्रश्न (सदाशिव पेठ): ‘एफबीएम’ म्हणजे नेमकं काय? तो वापरून आपला खेळाडू परत घेता येतो, मग आधीच कायम का ठेवत नाहीत?

उत्तर: फायनल बिड मॅच, म्हणजे शेवटच्या बोलीशी बरोबरी. तुमच्या संघातून गेल्या हंगामात खेळलेला खेळाडू लिलावात आला आणि दुसऱ्या संघाची शेवटची बोली पडली, की लिलावकर्ता तुम्हाला विचारतो. ‘हो’ म्हणालात तर त्याच रकमेत खेळाडू तुमचा. अशी बरोबरी करण्याची कार्डं मोजकीच असतात आणि त्यांची संख्या त्या हंगामाच्या नियमावलीत ठरते.

कायम ठेवताना खेळाडूचा बाजारभाव तुम्हाला माहीत नसतो, लिलावात तो उघड होतो. पवन सेहरावत हे ढळढळीत उदाहरण. दहाव्या हंगामात तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले होते. पुढच्या वर्षी त्याला लिलावात जाऊ दिलं आणि एफबीएम वापरून 1 कोटी 72 लाख 50 हजारांत परत घेतलं. जवळपास 88 लाख वाचले. बाराव्या हंगामात दबंग दिल्लीनं आशू मलिकला याच मार्गानं 1 कोटी 90 लाखांत राखलं आणि अंतिम सामन्यात आपल्या पलटणला 31-28 असं हरवलं.

फसतं कुठे तेही सांगतो. कार्ड वापरायचं तर तेवढी रक्कम शेवटपर्यंत बाजूला ठेवावी लागते. ती अडकली की मधले दोन-तीन चांगले बचावपटू डोळ्यांदेखत दुसरीकडे जातात. तुम्ही कार्ड वापरणार हे समोरच्यांना कळलं, तर ते मुद्दाम बोली चढवून तुमची पर्स रिकामी करतात. म्हणून आपल्या खेळाडूच्या बोलीत स्वतः हात वर करायचा नसतो. टेबलावर गप्प बसलेला प्रशिक्षक झोपलाय असं घरी टीव्हीपुढे बसून म्हणू नका, तो बहुधा कार्ड धरून बसलेला असतो.

प्रश्न (पिंपरी): पलटणकडे पवन किंवा देवांकसारखा एकहाती सामना जिंकून देणारा चढाईपटू का नाही? दोन-अडीच कोटी त्याच्यावरच का लावत नाहीत?

उत्तर: लावून काय होतं ते दिसलेलं आहे. 2 कोटी 60 लाखांचा पवन संघात होता त्या दहाव्या हंगामात टायटन्स तळाला राहिले, 22 पैकी 2 सामने जिंकले. दोनशेच्या वर चढाईगुण मिळवूनही पवन ते टाळू शकला नाही. देवांक दलालनं अकराव्या हंगामात 301 गुण मिळवले आणि पाटणा अंतिम सामन्यापर्यंत गेलं, पण तिथं हरियाणाच्या बचावापुढे अख्ख्या संघाचे 23 गुण झाले.

कारण खेळाच्या रचनेतच आहे. सामना 40 मिनिटांचा, चढाई 30 सेकंदांची. दोन्ही संघ मिळून सुमारे 80 चढाया, तुमच्या वाट्याला 40. मुख्य चढाईपटू त्यातल्या अठरा-वीस करतो, पण तो मॅटवर असेल तेव्हाच. तो बाद होऊन पाच मिनिटं बाकावर बसला की संघाच्या पाच चढाया इतरांना कराव्या लागतात.

तो परत कधी येतो, हे प्रेक्षकांच्या लक्षात फारसं येत नाही. खेळाडू बाद झालेल्या क्रमानंच जिवंत होतात, जो आधी बाद तो आधी आत. तुमचा हुकमी एक्का रांगेत तिसरा असेल तर संघानं तीन गडी बाद करेपर्यंत तो हलत नाही. आणि बोनसच्या, म्हणजे समोरच्या अंगणातली बोनस रेषा ओलांडल्याच्या गुणानं कुणीच जिवंत होत नाही. तीन किंवा कमी बचावपटूंनी केलेल्या अव्वल पकडीच्या जादा गुणानंही नाही. म्हणून दुसरा चढाईपटू बोनसवर बोनस घेत राहिला तर फलक हलतो, बाक मात्र भरलेलाच राहतो. अशा वेळी लागतो तो एक स्पर्श किंवा एक पकड. दुसऱ्या-तिसऱ्या चढाईपटूची आणि दोन्ही कोपऱ्यांची किंमत इथं कळते.

1 मार्च 2024 चा हैदराबादमधला अंतिम सामना आठवा. पलटणनं हरियाणाला 28-25 असं हरवलं. त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू कर्णधार असलम ठरला होता, पण त्या संध्याकाळी चढाईत सर्वाधिक 9 गुण पंकज मोहितेचे होते आणि त्यात एकाच चढाईतले चार होते. एक्का अडला तर पत्ता दुसरा निघाला.

प्रश्न (कर्वेनगर): सात जणांत चार बचावपटू आणि तीन चढाईपटू हे सूत्र पलटण नेहमी का पाळत नाही? अष्टपैलूंचा एवढा सोस कशाला?

उत्तर: दोन कोपरे आणि त्यांच्या आतल्या बाजूचे दोन मध्यरक्षक ही चार माणसं पक्की लागतात, त्यात तडजोड नाही. उरलेल्या तीन जागांवर चढाईपटू उभे राहतात, पण समोरचा चढाईला आला की त्यांनाही साखळीत हात धरून बचाव करावा लागतो. केवळ चढाईच जमणारे तिघे एकत्र उभे केले तर समोरचा त्यांच्याच बाजूनं घुसतो.

पकड नेमकी कशी बसते आणि कशी निसटते हे पाहिलं की निवड का तशी केली ते उमगतं. मॅट 13 मीटर लांब, म्हणजे अर्धं अंगण साडेसहा मीटरचं. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदानरेषा (चढाईपटूनं किमान ओलांडायची रेषा), तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. बोनस घेताना पुढचा पाय रेषेपलीकडे आणि मागचा हवेत लागतो. त्या क्षणी सगळा भार एका पायावर असतो, तो पाय झटकन मागे घेता येत नाही. कोपरा घोटा धरतो तो तेव्हाच. आता मध्यरक्षकानं चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्या मध्ये अंग घालायला हवं. त्याला अर्धा सेकंद उशीर झाला, तर चढाईपटू एक-दोन पावलं ओढत नेतो आणि हात लांब करून झेप घेतो. त्याचं बोट रेषेला टेकलं की ज्यांनी-ज्यांनी त्याला स्पर्श केला ते सगळे बाद. एकानं घोटा, दुसऱ्यानं मांडी, तिसऱ्यानं कंबर धरलेली असेल तर तिघे गेले आणि समोरच्याची अव्वल चढाई झाली.

त्यामुळे कोपरा आणि त्याच्या बाजूचा मध्यरक्षक ही जोडी म्हणून निवडायची. नव्या हंगामात दोन नामवंत बचावपटू वेगवेगळ्या संघांतून आणून शेजारी उभे केले की पहिल्या काही सामन्यांत हाच अर्धा सेकंद हुकतो. अभिनेश नादराजन आणि गौरव खत्री यांना पलटणनं एकत्र टिकवलं, ते आम्हाला शादलूईला सोडण्याच्या निर्णयापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न (नाना पेठ): तिसऱ्या, ‘डू ऑर डाय’ चढाईला सगळ्यात चांगल्या खेळाडूला का पाठवत नाहीत?

उत्तर: दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण हवाच, नाहीतर चढाईपटू बाद. बचाव करणाऱ्यांना हे माहीत असतं, ते मागे सरकून वाट पाहतात. एक्का तिथं अडकला तर एक गुण जातोच, शिवाय पुढच्या चार-पाच चढायाही जातात. म्हणून उंच, हाताची लांब पोच असलेला किंवा अंगानं भक्कम असा वेगळा गडी पाठवतात. समोर सहा-सात जण असतील तर बोनसनंही चढाई यशस्वी धरली जाते. पाच किंवा कमी असतील तर बोनस मिळतच नाही, मग स्पर्शावाचून सुटका नाही. आणि समोर तीन किंवा त्याहून कमी असतील तर अव्वल पकडीचे दोन गुण जाण्याचा धोका. प्रशिक्षक माणूस ठरवतो तो समोरची डोकी मोजूनच.

प्रश्न (वारजे): सात किंवा कमी गुणांनी हरल्यावर मिळणारा एक गुण बंद झाल्यानं संघनिवडीत फरक पडला का?

उत्तर: पडला. पूर्वी सहा-सात गुणांनी मागे असलेला संघ शेवटच्या दोन मिनिटांत रिकाम्या चढाया करून तो एक गुण वाचवायचा. बाराव्या हंगामापासून विजयाला 2 गुण, हरणाऱ्याला शून्य. त्यामुळे शेवटी धाडस करणारा चढाईपटू बाकावर ताजातवाना ठेवावा लागतो. बरोबरी झाली तरी टायब्रेकर, म्हणजे प्रत्येक संघाच्या आणखी पाच चढाया. तिथंही पाच वेगवेगळे विश्वासाचे चढाईपटू लागतातच.

प्रश्न (हडपसर): आमच्या मंडळाच्या संघात पाच मुलं चढाई उत्तम करतात, पण कोपरे नाहीत. कुणाला बसवावं?

उत्तर: कुणालाच बसवू नका, एकाला कोपऱ्यात वळवा. कोणाला, ते सरावात मोजून ठरवा. प्रत्येकाला कोपऱ्यात उभं करून त्याच्यासमोर तीस चढाया करायला लावा आणि एकच गोष्ट लिहून काढा: चढाईपटूचा पाय निदानरेषेपलीकडे पडायच्या आधी त्यानं किती वेळा झेप घेतली. ज्याचा आकडा सगळ्यात कमी, तो तुमचा कोपरा. किती पकडी यशस्वी झाल्या हे पहिल्या महिन्यात पाहूच नका. चढाई करणाऱ्या मुलांची खोड असते घाईची, आणि कोपऱ्यावर घाई केली की गुण हकनाक जातो. वजनानं भारी, रुंद अंगाचा मुलगा त्याच्या शेजारी मध्यरक्षक म्हणून द्या आणि ही जोडी महिनाभर बदलू नका.

बहुतेक मंडळं सातच्या सात जणांनिशीच बचावाचा सराव करतात, आणि सामन्यात तीनच उरले की गोंधळतात. रोजच्या सरावातल्या निम्म्या चढाया तिघांविरुद्ध घ्या. तिघांत दोन कोपरे आणि एक मध्यरक्षक ठेवा, तिघांनी पसरून उभं राहायचं आणि चढाईपटूला एका बाजूला वळू द्यायचं. मैदानाच्या कडेच्या बाजूपट्टीत कुणी झटापटीशिवाय पाय टाकला तर तो बाद होतो, त्यामुळे कडेला ढकलत नेणं हेही एक शस्त्र आहे. मात्र आधी स्पर्श झाला की पट्टी खेळात येते, तेव्हा हात लावल्यावर सोडायचं नाही.

स्पर्धा मॅटवर असेल आणि तुमचा सराव मातीत, तर किमान आठवडाभर आधी मॅट मिळवा. मातीत पाय थोडा घसरतो, मॅटवर बूट चिकटून बसतो आणि वळताना सगळा ताण गुडघ्यावर येतो. पहिले दोन दिवस पूर्ण वेगाच्या चढाया नकोत, फक्त वळणं आणि थांबणं करून घ्या.