तण कोण काढणार?

प्रिय,

तुझा आराखडा दोनदा वाचला. नदीकाठी बांबू आणि गाळाची रचना, आठ दिवस प्रदर्शन, शेवटी ड्रोननं चित्रण. कल्पना मनापासून आवडली. पण नवव्या दिवशी काय, याबद्दल एक ओळही नाही. मी तिथंच अडलो.

अ‍ॅग्नेस डेनेस या कलावतीचं गव्हाचं शेत तू फोटोत पाहिलं असशील. पिवळं पीक, मागे न्यूयॉर्कचे मनोरे. वर्ष १९८२, जागा मॅनहॅटनच्या टोकाची, भराव टाकून तयार केलेली. फोटोत न दिसणारं काम ऐक. दोन एकरांतले दगड आणि कचरा वेचला, दोनशे ट्रक माती आणली, २८५ सऱ्या हातानं पाडल्या, बीही हातानंच पेरलं. मग चार महिने पाणी, खत, खुरपणी. काणी लागलेली कणसं काढली, भुरीवर फवारणी केली. ऑगस्टमध्ये साडेचारशे किलोंच्या वर गहू निघाला. अब्जावधी डॉलरच्या जमिनीवर! तू शेतकऱ्याच्या घरातला; काणी, भुरी हे पिकावरचे बुरशीचे रोग तुला सांगायला नकोत. कलेच्या वर्गात मात्र हे शब्द मी कधी ऐकले नाहीत, आणि माझ्या मते त्या कलाकृतीचा जीव त्यांच्यातच आहे.

त्याच वर्षी जर्मनीत कासेलला योसेफ बॉइस या कलाकारानं सात हजार झाडं लावायला घेतली, प्रत्येकाशेजारी बसाल्टचा एक दगड. झाड वाढतं, दगड तेवढाच राहतो. १९८६ साली तो गेला. शेवटचं झाड त्याच्यामागं, १९८७ मध्ये लागलं.

माझं सांगतो. तरुणपणी एका वडाच्या पारंब्यांत मी नायलॉनच्या दोरीची जाळी विणली होती. कौतुक झालं, मी निघून आलो. दोन वर्षांनी गेलो तेव्हा दोरी पारंबीत रुतली होती, दोन्ही बाजूंनी साल तिच्यावर चढलेली. सकाळभर ब्लेडनं कापत बसलो. एक तुकडा निघालाच नाही. अजून आत असेल.

म्हणून सांगतो, आधी एक पावसाळा त्या काठावर जाऊन बस. पाणी कुठवर चढतं त्याची खूण करून ठेव. गाळ घेशील तिथं गुरं पाण्यावर उतरतात का, ते गुराख्यांना विचार. बांधायला काथ्याच घे. आणि खर्चाच्या तक्त्यात एक रकाना वाढव: सोडवणी. माणसं किती, दिवस किती, बांबू नंतर कुणाच्या मांडवाला जाणार. तक्ता झाला की घेऊन ये, रविवारी मी घरीच आहे.

तुझा,
सर