वाचकांचे प्रश्न : परीक्षणातले तारे आणि आपले कान

प्रश्न : मेटॅलिका या अमेरिकी हेवी मेटल वाद्यवृंदाचा '७२ सीझन्स' हा अल्बम एप्रिल २०२३मध्ये आल्यापासून आम्हा मित्रांमध्ये वाद चालू आहे. मला तो मनापासून आवडला. परंतु काही परीक्षणांत 'फार लांबला आहे' असा शेरा होता आणि मित्र तोच मला ऐकवत राहतात. ज्यांनी कधी गिटार हातात धरली नाही, अशा समीक्षकांचे मत किती मनावर घ्यावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गिटारचा मुद्दा आधी बाजूला ठेवू. तबला न वाजवणारा श्रोताही समेवर मान हलवतोच, तेव्हा वादन न येणे ही काही ऐकण्यातली अपात्रता नव्हे. आता 'लांबला आहे' या शेऱ्याकडे पाहू. या अल्बममध्ये १२ गाणी आहेत आणि तो सुमारे ७७ मिनिटे चालतो. याच मंडळींच्या १९८६ सालच्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये ८ गाणी होती आणि तो ५५ मिनिटांत आटोपत असे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचे, ओढूनताणून बसवले तर थोडे अधिक, ध्वनिमुद्रण मावत असल्यामुळे कोणते गाणे ठेवायचे आणि कोणते गाळायचे, याचा निर्णय करावाच लागे. सीडी आली आणि ही सक्ती संपली. म्हणजे समीक्षकाने सांगितलेली लांबी खरी आहे, ती घड्याळ लावून तपासता येते; तो दोष आहे की नाही, हे मात्र तुमचे तुम्ही ठरवायचे आहे. माझे विचाराल तर मधली दोन-तीन गाणी गाळली असती तर बिघडले नसते, पण शेवटचे 'इनामोराटा' हे अकरा मिनिटांचे गाणे, जे या वाद्यवृंदाचे आजवरचे सर्वांत लांब गाणे आहे, मला कुठेही रेंगाळल्यासारखे वाटले नाही. तेव्हा मित्रांशी भांडायचेच असेल तर समीक्षकाच्या लायकीवरून न भांडता कोणते गाणे गाळावे यावरून भांडा. त्या भांडणात निदान अल्बम पुन्हा ऐकला जाईल.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. परीक्षण बहुधा अल्बम बाजारात येण्याच्या सुमारास, थोड्याच वेळा ऐकून, ठरलेल्या मुदतीत लिहिलेले असते. अमेरिकेतील लेस्टर बँग्ज या समीक्षकाने १९६९ साली 'रोलिंग स्टोन' या संगीतविषयक नियतकालिकात डेट्रॉइटच्या एमसी ५ या वाद्यवृंदाच्या पहिल्या अल्बमची यथेच्छ टर उडवली होती. अल्बम येण्याआधी झालेल्या गाजावाजाने तो चिडला होता आणि ती चीड त्या परीक्षणात स्पष्ट दिसते. पुढे तोच डेट्रॉइटच्या 'क्रीम' मासिकात गेला आणि तोच अल्बम त्याच्या आवडीचा झाला. अल्बममधला एक स्वरही दरम्यान बदललेला नव्हता.

प्रश्न : समीक्षकांपेक्षा सामान्य चाहत्यांचा कौल अधिक प्रामाणिक असतो, असे मला वाटते. आपले मत काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रामाणिक असतो, पण म्हणून बरोबर असतोच असे नाही. वीझर या वाद्यवृंदाचा 'पिंकर्टन' सप्टेंबर १९९६मध्ये आला, तेव्हा 'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनीच त्याला वर्षातील सर्वांत वाईट अल्बमांच्या यादीत तिसरे स्थान दिले होते. १९९४च्या पहिल्या अल्बमसारखी गुळगुळीत, हसरी गाणी त्यांना हवी होती आणि हाती आले ते खरखरीत, स्वतःलाच सोलून काढणारे लेखन. आठ वर्षांनी त्याच नियतकालिकाने याच अल्बमला पाचपैकी पाच तारे दिले.

याच्या उलट प्रकार ब्रिटनमध्ये घडला, आणि तो मला अधिक बोधक वाटतो. ओएसिस या तिथल्या रॉक वाद्यवृंदाच्या १९९५ सालच्या अल्बमला तिकडच्या अनेक समीक्षकांनी हात आखडून दाद दिली होती, परंतु लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्यामुळे ऑगस्ट १९९७मध्ये त्यांचा पुढचा अल्बम 'बी हिअर नाऊ' आला तेव्हा, दुधाने तोंड भाजल्यावर ताकही फुंकून प्यावे तसे, समीक्षकांनी सावधगिरी म्हणून स्तुतीच केली, तीही तोंड भरून. पहिल्या तीन दिवसांत तिथे साडेसहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, म्हणजे चाहते आणि समीक्षक यांचे एकदा तरी पूर्ण एकमत झाले होते. पुढे उत्साह ओसरल्यावर एकावर एक चढवलेल्या गिटारींचा गदारोळ आणि नऊ मिनिटांहून लांब चाललेले 'ऑल अराउंड द वर्ल्ड' ऐकू येऊ लागले, आणि ओएसिसचा गीतकार नोएल गॅलाघर स्वतःच त्या अल्बमवर टीका करू लागला. अपेक्षा मोठी असली की दोन्ही बाजूंचे कान सारखेच बधिर होतात, एवढाच अर्थ मी यातून काढतो.

प्रश्न : मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' ऐकताना आवाज फाटल्यासारखा वाटतो आणि थोड्या वेळाने कान थकतात. परीक्षणांत मात्र त्याची वाहवा वाचली. दोष माझ्या हेडफोनचा आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. सप्टेंबर २००८मध्ये आलेल्या या अल्बममधील गाणी चांगली आहेत आणि वाहवा मुख्यतः त्या गाण्यांची होती. ध्वनिमुद्रणाची तक्रार लावून धरली ती चाहत्यांनी. 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये हीच गाणी होती आणि ती तिथे अधिक स्वच्छ वाजत असल्याचे खेळणाऱ्यांच्या ध्यानात आले. गेमसाठी प्रत्येक वाद्याचे सुटे ध्वनिमुद्रण आधीच्या टप्प्यावरून दिलेले होते. सीडीसाठी मात्र सगळा आवाज शक्य तितका मोठा करण्याच्या नादात हळू आणि जोरकस भागांमधले अंतर दाबून टाकले गेले, त्यामुळे ड्रम्सचा प्रत्येक आघात वरच्या मर्यादेला जाऊन आपटतो आणि फाटतो. हजारो चाहत्यांनी सह्या करून अल्बमचे नव्याने मिश्रण करण्याची मागणी केली होती. हेडफोन बदलण्याआधी 'द डे दॅट नेव्हर कम्स'ची संथ सुरुवात आणि त्याच गाण्याचा उत्तरार्ध आवाजाचे बटण न हलवता लागोपाठ ऐकून पाहा. कान नेमके कुठे शिणतात, ते सापडेल.