गेम, ॲप आणि ‘किल्ला’ची वेलांटी

डोंबिवलीत राहते, बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेम बनवायचे तर त्यासाठीच्या सॉफ्टवेअरपैकी युनिटी शिकू की अनरिअल?

मोबाइल गेमकडे जायचं असेल तर युनिटी. त्याला सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा लागते. अनरिअलला सी प्लस प्लस आणि दणकट संगणक. लॅपटॉप जुना असेल तर गोडो हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर घ्या, ते फुकट आहे. गेमच्या नोकरीसाठी मुलाखत घेताना मी सर्टिफिकेट शेवटी बघते. आधी विचारते, पूर्ण केलेला गेम दाखवा. पाच मिनिटांचा असू दे, पण सुरू व्हावा, संपावा, हरल्यावर पुन्हा खेळता यावा. तो मैत्रिणीच्या हातात द्या आणि गप्प बसा. ती कुठे अडली ते टिपून ठेवा आणि त्या नोंदीही मुलाखतीला आणा.

मी लालबागचा, कॉलेजपासून एकांकिका लिहितो. कोडिंग येत नाही. मला गेमच्या क्षेत्रात काम आहे का?

आहे, आणि तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. एकांकिकेत पात्र दार उघडतं, इथे ते उघडायचं की नाही हे खेळणारा ठरवतो. तीनदा तीन-तीन पर्याय दिलेत की 27 शेवट लिहावे लागतील. म्हणून फाटे फोडण्यापेक्षा ते पुन्हा एका वाटेवर आणणं हे खरं कसब. अशा फाट्यांच्या गोष्टी लिहायचं ट्वाइन हे फुकट साधन घ्या, मराठीतच लिहा. तुमचीच जुनी एकांकिका मोडून बघा.

दुसरं काम मराठी जपण्याचं. ‘किल्ला’ लिहिताना संगणक आधी ‘क’ साठवतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. युनिटीत अक्षरं दाखवणारं टेक्स्टमेशप्रो ही अदलाबदल स्वतःहून करत नाही. वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते, जोडाक्षरं फुटतात. गोडोत 2023ला आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून हे नीट दिसतं. मराठी न वाचणाऱ्या प्रोग्रामरला ही चूक कळतच नाही, तुम्हाला ती पहिल्या नजरेत खुपेल. माझ्या एका प्रकल्पात अशी वेलांटी थेट प्रदर्शनाच्या दालनापर्यंत पोहोचली होती. उद्घाटनाच्या आदल्या रात्री सगळे फलक पुन्हा केले.

गणित कच्चं असेल तर?

चित्र, ध्वनी, लेखन यांत अडणार नाही. प्रोग्रामिंगला व्हेक्टर, म्हणजे दिशा आणि अंतराचं गणित, आणि त्रिकोणमिती लागतेच, ती टाळू नका.

ठाण्याहून लिहितोय. मुलगी बारावी कॉमर्सला आहे. गेम बनवायला शिकवणारी एक संस्था दोन वर्षांचे सात लाख मागते, नोकरीची हमी देते. भरू का?

आत्ता नको. हमी लेखी मागा, गेल्या वर्षीच्या मुलांचं काम बघा, त्यांतल्या दोघा-तिघांना संस्थेबाहेर भेटा. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड, म्हणजे डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा, कॉमर्सची मुलंही देऊ शकतात. डिझाइन शिकवणारा पवईचा त्यांचा विभाग, आयडीसी, 1969ला सुरू झाला. तोवर तिला संगणकावर त्रिमितीय चित्रं करायचं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर उतरवून द्या, पैसे पडत नाहीत. सहा महिन्यांनी तिनं काय केलं ते तिच्या शेजारी बसून बघा, मग पैशांचं ठरवा.