रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना मोठी जखम झाली, तर दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचं?

तुमच्या वडिलांना वॉरफरिन चालू आहे, घरात तुम्ही दोघंच असता, म्हणून हा प्रश्न विचारलाय. माझ्या आईला हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतर बारा वर्षं ॲसिट्रॉम चालू आहे, ही गोळी वॉरफरिनच्याच जातीची. त्यामुळे अनुभवातलं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी विळीवर सुरण चिरताना आईचा तळवा अंगठ्याखाली खोल कापला. मी रुमाल लावला, पण थांबलं का म्हणून दर मिनिटाला उचलून बघत होतो. तिथेच चुकलं. या गोळ्यांनी रक्ताची गुठळी धरायला वेळ लागतो, आणि जेमतेम धरू लागलेली गुठळी प्रत्येक वेळी कापडाबरोबर निघून येत होती. शेजारच्या काकू हळद घेऊन आल्या, तीही मी भरली. नंतर टाके घालण्याआधी ती धुऊन काढताना आईला जे सोसावं लागलं, ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

तेव्हा स्वच्छ सुती कापडाची जाड घडी जखमेवर ठेवा आणि तळहाताने जोर लावून दाबून धरा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, मध्ये अजिबात उचलायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. वडिलांना आडवं करा, पांघरूण घाला. काच किंवा खिळा रुतला असेल तर उपसू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. रक्ताच्या चिळकांड्या उडत असतील तर पंधरा मिनिटं वाट बघत बसू नका, दाबता दाबताच 108 ला फोन लावा. हातापायाची जखम दाबूनही आवरत नसेल, तर जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून, रुंद पट्टी काठीने पिळून घट्ट आवळा, वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांपर्यंत सोडू नका. नाडी किंवा सुतळी नको, ती कातडीत रुतते.

डोक्याला मार लागला तर मात्र बाहेर थेंबभर रक्त नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. या गोळ्यांवर आत सावकाश रक्तस्राव होऊ शकतो, माणूस काही तास अगदी नीट बोलत असतो. काळी, डांबरासारखी शी झाली किंवा रक्ताची उलटी झाली तरी तसंच. दुखतंय म्हणून घरातली ब्रुफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो.

आम्हाला दारातच विचारलं: गोळी कोणती, शेवटची कधी घेतली, मागचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा; जितका मोठा, तितका जास्त वेळ) किती? मला एकही सांगता आलं नाही. आता हे सगळं लिहिलेला कागद आईच्या पर्समध्ये आणि माझ्या फोनच्या कव्हरमध्ये असतो.

दुसऱ्या दिवशी आई गोळी घ्यायलाच तयार नव्हती. पण ती मनाने बंद केली तर झडपेवर गुठळी धरू शकते, म्हणून तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. आयएनआर 4.1 निघाला होता. त्यांनी एक डोस चुकवायला सांगितला, पुढचे थोडे कमी केले आणि चार दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं.