आकाशाच्या शंका : फोटोतला भोवरा आमच्या दुर्बिणीत का नाही?

प्रश्न : आप्पा, नमस्कार. लेकीच्या हट्टापायी दिवाळीत ११४ मिलिमीटर आरशाची दुर्बीण घेतली. चंद्रावरची विवरं, गुरूचे चंद्र मस्त दिसले. मग 'भोवरा' दीर्घिका, म्हणजे एम ५१, शोधली, तर नुसता पुसट डाग! दुर्बिणीच्या खोक्यावर तिचे सर्पिल हात किती झोकात छापलेत, वर '५०० पट मोठे' असंही लिहिलंय. आमची दुर्बीण बाद आहे का? दुकानदार म्हणतो, मोठी घ्या. — एक वाचक, पारोळा

उत्तर : ताई, दुकानदाराला सध्या थांबवा. आधी मला एवढंच सांगा, डाग एक दिसला की दोन?

कारण तिथे दोन आहेत. मोठा एम ५१, आणि त्याला खेटून लहान, एनजीसी ५१९५ नावाची दुसरी दीर्घिका. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स मेसिए यांना मोठी १७७३ मध्ये सापडली, तिची जोडीदारीण १७८१ मध्ये त्यांचे सहकारी मेशां यांना दिसली. सर्पिल हात मात्र दोघांनाही दिसले नाहीत. पुढे जॉन हर्शेल यांनी अठरा इंची आरशातून पाहून चित्र काढलं, त्यात गाभ्याभोवती कडं आहे, भोवरा नाही. त्यांच्या आरशाचं क्षेत्रफळ तुमच्या आरशाच्या सुमारे सोळापट होतं, हे लक्षात घ्या. भोवरा पहिल्यांदा दिसला तो १८४५ मध्ये, आयर्लंडमधल्या बर गावी, लॉर्ड रॉस यांच्या ७२ इंची दुर्बिणीतून. आता कुठे बघायचं ते ठाऊक असल्याने आठ-दहा इंची दुर्बीण आणि खरा काळोख असला की अनुभवी डोळ्याला हातांची चाहूल लागते. ११४ मिलिमीटरमध्ये दोन वेगळे डाग, त्यातल्या मोठ्याचा गाभा जरा उजळ, एवढं दिसलं की दुर्बीण पास.

तरी शंका असेल तर दुर्बीण सप्तर्षींमधल्या वसिष्ठ ताऱ्याकडे रोखा. अरुंधती वेगळी, ती नुसत्या डोळ्यांनाही दिसते. दुर्बिणीत खुद्द वसिष्ठाचेच दोन तारे झाले पाहिजेत. झाले तर आरसा ठीक आहे, पैसे वाचले.

आता '५०० पट'. तो आकडा खोक्यासाठी असतो, आकाशासाठी नाही. दीर्घिकेचा प्रकाश मुळात विरळ; पट वाढवली की तोच प्रकाश आणखी पसरतो आणि होता तो डागही विरून जातो. या मापाच्या बऱ्याच दुर्बिणींचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, ९०० मिलिमीटर असतं. तुमचंही तेवढंच असेल तर २५ मिलिमीटरच्या आयपीसने, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाने, ३६ पट मिळते. शोध त्यानेच घ्या. डाग पक्का सापडला की मग १० मिलिमीटरचा लावून बघा. कधी कधी मागचं आकाश काळवंडून दोन्ही गाभे जास्त सुटे दिसतात. बार्लो, म्हणजे पट आणखी वाढवणारं जोडभिंग, खोक्यातच राहू द्या. फोटोंशी तर तुलनाच नको. कॅमेरा तासन्‌तास प्रकाश साठवत बसतो, डोळ्याला ती सोय नाही.

शोधायचं कसं? वसिष्ठापासून सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाच्या मरीची ताऱ्याकडे या. तिथे काटकोनात वळा, ध्रुवाच्या विरुद्ध बाजूला, आणि वसिष्ठ-मरीची अंतराच्या साधारण निम्मं चाला. पोचलात. डागाकडे थेट रोखून पाहू नका, किंचित बाजूला पाहा. अंधुक प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध नसतात, कडेला असतात. दुर्बिणीला बोटाने हलकी टिचकी मारली तर डाग हलतो आणि चटकन ध्यानात येतो.

काळोखाचं मात्र मनावर घ्या, खरी मेख तिथेच आहे. डोळा अंधाराला सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि एकदा मोबाईल उघडला की सगळं मुसळ केरात. आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, भरीत पार्टी! मळ्यात तुरकाठ्यांवर वांगी भाजायची, त्या जाळाकडे टक लावून बसायचं आणि मग दीर्घिका बघायची, हे जमत नाही. माझ्या मळ्यात हा वाद दर हिवाळ्यात होतो आणि जिंकतं भरीतच. म्हणून म्हणतो, आधी जेवा, जाळ विझवा, मग अर्ध्या तासाने दुर्बीण. आमच्या सालदाराने असंच एकदा डोळा लावला नि म्हणाला, "आप्पा, हाऊ ते धूर शे!" एम ५१ चं याहून अचूक वर्णन मी तरी ऐकलेलं नाही.

पारोळ्याहून हायवेच्या उत्तरेला शेत गाठा, म्हणजे दिव्यांचा उजेड पाठीशी राहील. आपल्या अक्षांशावरून एम ५१ उत्तरेला ६४ अंशांपर्यंत चढते. रात्र निवडायची तर महाशिवरात्र. तिच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या, त्यामुळे चंद्राची कटकट नाही, नि घरचे जागेच असतात. मध्यरात्रीनंतर सप्तर्षी छान वर येतात, तीन-साडेतीनला ही दीर्घिका सर्वांत उंच असते. मे महिन्यात रात्री दहा-अकरालाच तिथे पोचते खरी, पण तेव्हा आपली हवा धुळीने भरलेली. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा काळोख झकास. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचा शके ११२८ चा शिलालेख तिथलाच. पण ते अभयारण्य आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय रात्री जाऊ नका.

प्रश्न : भुसावळात गच्चीवरून एखादी तरी सर्पिल दीर्घिका दिसेल का? माझ्याकडे ७० मिलिमीटरची दुर्बीण आहे. — अकरावीतला विद्यार्थी

उत्तर : देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा) दिसेल. नोव्हेंबरात रात्री आठ-नऊला ती जवळजवळ डोक्यावर असते. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या पाच ताऱ्यांच्या, इंग्रजी एम अक्षरासारख्या आकृतीत दोन टोकं आहेत, त्यातलं जास्त अणकुचीदार टोक तिच्याकडे बोट दाखवतं. अंतर २५ लाख प्रकाशवर्षं. रेल्वे यार्डाच्या उजेडात फक्त लांबट गाभा दिसेल, कारण ती आपल्याला बरीच तिरपी दिसते आणि तिची चकती फिकी आहे. गाभ्याशेजारी एक किंचित पसरट 'तारा' दिसला तर तो तारा समजून सोडू नकोस, ती एम ३२ ही तिची छोटी सोबतीण.